गाळाकडे गहाण

सोलापूरच्या सात रस्त्यावर पडलेल्या पावसाचा शेवटचा पत्ता कोकण नव्हे, आंध्रची किनारपट्टी आहे. चौकातलं पाणी गटारात जातं, गटारातून नाल्यात आणि नाल्यांतून सीना-भीमेच्या खोऱ्यात. हत्तरसंग-कुडलला सीना भीमेला मिळते, रायचूरच्या बाजूला भीमा कृष्णेला मिळते आणि जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज असे मुक्काम करत कृष्णा हंसलदेवीजवळ बंगालच्या उपसागराला भेटते. तिथे तिच्या त्रिभुज प्रदेशात तिवरांचं जंगल आहे. या पाण्याबरोबर चौकातली धूळही निघालेली असते आणि त्या धुळीत धातू असतात: टायर झिजून पडलेलं जस्त, ब्रेकच्या घर्षणातून सुटलेलं तांबं, जुन्या रंगाच्या पोपड्यांतलं शिसं. भाजीपाल्याचा कचरा कुजतो, मैलापाणी जिवाणू खाऊन टाकतात, औषधांचे रेणूसुद्धा कालांतराने तुटतात. धातूचा अणू मात्र तसाच राहतो. तो फक्त जागा बदलतो आणि रूप बदलतो. म्हणून धातू किती आहे एवढंच विचारून भागत नाही. तो कुठे आहे, कोणत्या रूपात आहे आणि तिथे कशाच्या जोरावर टिकून आहे, हे विचारावं लागतं.

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो खाड्यांच्या कडेला, तिवर-कांदळवनाच्या चिखलात. त्यातून जनमानसात उतरलं ते एकच सुटसुटीत वाक्य: कांदळवन पाणी गाळतं आणि विषारी धातू चिखलात गाडून टाकतं. हे वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. गाळाने धातू विकत घेतलेला नसतो, गहाण ठेवून घेतलेला असतो. व्यवहार अटींवर चालतो: प्राणवायू किती, गंधक किती, क्षार किती, गाळ किती काळ पाण्याखाली. अटी पाळल्या जातात तोवर धातू शतकभरही जागचा हलत नाही. अटी मोडल्या की मूळ मालकाकडे, म्हणजे पाण्याकडे, परत जातो. सोलापूरकरांनी हे समजून घ्यायचं कारण असं की भीमा-कृष्णेवर धरणांची माळ झाल्यापासून नदीचा बहुतांश गाळ समुद्रापर्यंत पोचतच नाही. जे काम पूर्वी किनाऱ्यावरचं जंगल करत होतं, ते आता उजनीसारखे जलाशय करतात. आणि तो गाळ उपसून शेतात टाकायचं धोरण आपण मोठ्या उत्साहाने स्वीकारलं आहे.

तिवराखालचा व्यवहार

खाडीच्या चिखलात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरांपर्यंतच पोचतो. त्याखाली जिवाणूंना पालापाचोळा पचवण्यासाठी दुसरं काहीतरी वापरावं लागतं, आणि तो क्रम ठरलेला आहे. आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि लोखंडाची ऑक्साइडं, मग सल्फेट. मँगनीज आणि लोखंडाच्या ऑक्साइडांवर इतर धातू चिकटून बसलेले असतात. जिवाणूंनी ही ऑक्साइडं विरघळवली की तांबं, जस्त, निकेल, आर्सेनिक गाळातल्या छिद्रांमधल्या पाण्यात मोकळं होतं. म्हणजे पहिला टप्पा सुटकेचा. दुसरा टप्पा पकडीचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. जिवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात. खाडीकाठी ओहोटीला सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो याचाच. हे सल्फाइड लोखंडाशी जुळून काळा चिखल तयार करतं, पुढे त्याचे पायराइटचे कण होतात, आणि शिसं, तांबं, कॅडमियम, पारा हे धातू त्या सल्फाइडांत अडकतात. सल्फाइडांची विद्राव्यता इतकी कमी असते की वरून वाहणाऱ्या पाण्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी याचा एक उपयुक्त ठोकताळा मांडला: आम्लाने सुटणाऱ्या सल्फाइडाचं प्रमाण त्याच आम्लाने सुटणाऱ्या धातूंपेक्षा जास्त असेल, तर त्या धातूंमुळे गाळातल्या जिवांना सहसा विषबाधा होत नाही, धातूंचा एकूण आकडा कितीही मोठा दिसो.

व्यवहार इथेच थांबला असता तर गाडून टाकण्याचं ते वाक्य पूर्ण खरं ठरलं असतं. पण तिवराचं झाड त्याच चिखलात जगतं आणि जगण्यासाठी तिथे प्राणवायू आणतं. जमिनीतून वर आलेली त्याची श्वसनमुळं हवा खाली पोचवतात. मुळाभोवतीच्या पातळ पट्ट्यात सल्फाइड पुन्हा ऑक्सिडाइझ होतं आणि मुळावर लोखंडाच्या गंजाचा तांबूस लेप चढतो. हा लेप सुटलेले धातू पुन्हा धरतो, त्यामुळे झाडाच्या लाकडा-पानांत फारच थोडा धातू चढतो. ब्राझीलच्या सेपेतिबा आखातात १९९० च्या सुमारास झालेल्या मोजणीत जंगलातला जवळजवळ सगळा धातू झाडांत नव्हे, गाळातच सापडला. खेकडे बिळं खणून खालचा काळा चिखल वर आणतात आणि वरचं प्राणवायूचं पाणी खाली नेतात. भरतीला चिखल बुडतो, ओहोटीला उघडा पडतो. उन्हाळ्यात खाडी अधिक खारट होते आणि कॅडमियम क्लोराइडशी जोडी करून सल्फाइडाच्या पकडीतून निसटू लागतं. चिखलाच्या एका ढेकळात एकाच वेळी धातू काही ठिकाणी अडकत असतो आणि काही ठिकाणी सुटत असतो. एकंदर शिल्लक बहुतेक वेळा अडकण्याच्या बाजूला राहते, कारण ती झाडी, ती भरती-ओहोटी आणि तो सेंद्रिय पालापाचोळा अखंड चालू असतो. कांदळवन तोडलं किंवा बांध घालून चिखल वाळवला तर शिल्लक उलटते. पायराइटला हवा लागते, त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि आम्लात धातू विरघळतात. केरळात कुट्टनाडच्या ‘करी’ जमिनींचा सामू चारच्या खाली जातो तो याच प्रक्रियेने.

उल्हास, मांडवी, मिनामाता

महाराष्ट्रातला सर्वांत बोलका दाखला उल्हास खाडीचा. कल्याण-अंबरनाथ-ठाण्याच्या पट्ट्यातल्या रासायनिक उद्योगांचं सांडपाणी या खाडीत दशकानुदशकं गेलं आणि कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचे विद्युतघट वापरले जात असल्याने त्यात पाराही होता. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या खाडीच्या गाळातल्या पाऱ्यावर २००३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. खाडीत नळी उभी रोवून काढलेल्या गाळाच्या स्तंभात वरून खाली गेलं की काळ मागे जातो, म्हणून असा नमुना म्हणजे त्या परिसराच्या उद्योगाचा इतिहासच. पुढे या उद्योगाने पाऱ्याची पद्धत सोडून पडद्याची पद्धत स्वीकारली आणि नवा पारा येणं कमी झालं. नियमनाचं हे खरंखुरं यश आहे. पण जुना पारा त्याच चिखलात आहे. पाऱ्याच्या बाबतीत सल्फाइडाची पकडही दुधारी असते, कारण सल्फेट पचवणारे जिवाणूच पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि मिथाइल पारा माशांच्या स्नायूंत साठत अन्नसाखळीत वर चढतो. कारखान्याचा नळ बंद झाला म्हणून गाळाचं खातं मिटत नाही.

गोव्यात मांडवी-जुवारीच्या काठचं उदाहरण वेगळ्या बाजूने शिकवतं. डोंगरावरच्या खाणींतलं लोहखनिज बार्जमधून मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदराकडे जायचं. त्यातली लाल माती पावसाने आणि सांडण्याने खाजणांत, दिवाडी-चोडणच्या कडेच्या तिवरांत उतरायची. या नद्यांच्या गाळात लोखंड आणि मँगनीज भरपूर असल्याचं गोव्यातल्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवलं, २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी दिली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द केले. या साऱ्या वादात एक युक्तिवाद ठरून यायचा: लोखंड काही विष नाही, ती तर माती आहे. त्याचं उत्तर ब्राझीलमधून मिळालं. तिथलं फुंदाँव धरण ५ नोव्हेंबर २०१५ रोजी फुटलं आणि लोहखाणीचा गाळ रिओ दोसी नदीतून सहाशेहून अधिक किलोमीटरवरच्या मुखापर्यंत वाहत गेला. तिथल्या खाडीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी इशारा दिला की लोखंडाची ही ऑक्साइडं कोरड्या जागी स्थिर असली तरी खाडीच्या प्राणवायूविना चिखलात ती विरघळतात आणि अंगाला चिकटलेले इतर धातू सोडून देतात. माती तीच, पण मुक्काम बदलला की स्वभाव बदलतो.

तिसरं उदाहरण जपानचं. मिनामाता आखातात चिस्सो कंपनीचा पारा १९३२ ते १९६८ या काळात पडत राहिला. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची. पारा येणं थांबल्यावरही आखाताचा तळ तसाच ठेवता आला नाही आणि सरळ उपसताही आला नाही, कारण उपसताना चिखल ढवळला की पारा पाण्यात जाणार. शेवटी १९७७ ते १९९० अशी तेरा वर्षं बंदिस्त पद्धतीने सुमारे १५ लाख घनमीटर गाळ काढून भरावाखाली पुरला गेला आणि त्यातून ५८ हेक्टर जमीन तयार झाली. उल्हासचा दाखला सांगतो की गाळाला जुनं आठवतं, मांडवी सांगते की रूपापेक्षा ठिकाण महत्त्वाचं, आणि मिनामाता सांगते की गाळ हलवणं हा स्वतंत्र, खर्चिक आणि विचारपूर्वक करायचा निर्णय आहे.

वर्षातून एकदा येणारी भरती

आता उजनीकडे पाहू. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. वरच्या अंगाला मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या, आणि त्यांच्या काठी पुणे, पिंपरी-चिंचवड, भोसरीचे कारखाने, त्यांत धातूंवर मुलामा चढवणारे असंख्य छोटे उद्योग. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, आणि भीमा, इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा ही नावं त्यात आहेत. या नद्या दौंड ओलांडून उजनीच्या फुगवट्यात शिरल्या की त्यांचा वेग मोडतो आणि गाळ बसतो. भिगवणच्या उथळ पाण्यात फ्लेमिंगो चिखल चाळतात ते याच गाळात, जसे ते ठाण्याच्या खाडीत चाळतात.

उजनीला समुद्राची भरती नाही, पण स्वतःची आहे. पावसाळ्यात धरण शंभर टक्क्यांवर जातं आणि उन्हाळ्यात ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्यात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते मायनस साठ टक्क्यांच्या आसपास पोचलं आणि त्याच पावसाळ्यात पुन्हा भरलं. तिवराच्या चिखलाला जे दिवसातून दोनदा होतं, ते फुगवट्याच्या कडांना वर्षातून एकदा होतं: महिनोन्‌महिने पाण्याखाली प्राणवायूविना राहणं, मग उघडं पडून तडकणं, हवा खाणं, आणि पहिल्या पुरात पुन्हा बुडणं. फरक असा की इथे तिवर नाही, लोखंडाचा लेप चढवणारं मूळ नाही. सुटलेल्या धातूला पुन्हा धरायला जी यंत्रणा खाडीकाठच्या जंगलात तयार असते, तिचा मोठा भाग धरणात गैरहजर आहे. शिवाय उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत चारा आणि पिकं घेतली जातात. दुष्काळी वर्षांत सरकारनेच चाऱ्यासाठी गाळपेरीला उत्तेजन दिलेलं आहे.

इथे जाणकाराचा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गोड्या पाण्यात सल्फेट समुद्राच्या तुलनेत नगण्य. मग सल्फाइडाचं सारं प्रकरण इथे लागू कसं करायचं? उत्तर असं की ते पूर्ण लागू होत नाही, आणि चिंता त्यातूनच निर्माण होते. लोखंड-मँगनीजच्या ऑक्साइडांनी धातू सोडण्याचा पहिला टप्पा गोड्या पाण्यातही तसाच होतो, किंबहुना मैलापाण्याच्या सेंद्रिय भाराने तो जोरात होतो. पकडीचा दुसरा टप्पा मात्र सल्फेटाअभावी दुबळा राहतो. अर्थात शहरी तलावांत तोही बदलतो. सात रस्त्यावरून विजापूर रस्त्याला लागलं की कंबर तलाव, आणि दुसरीकडे रंगभवन ओलांडलं की सिद्धेश्वर तलाव. या तलावांत वर्षानुवर्षं गणेशविसर्जन होत आलं. मूर्तीच्या रंगांतून शिसं, क्रोमियम येऊ शकतं, हे सर्वांना ठाऊक आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र निरुपद्रवी, फक्त न विरघळणारा गाळ मानला जातो. प्रत्यक्षात ते कॅल्शियम सल्फेट आहे. त्याच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग सल्फेटाचा, आणि ते लिटरमागे सुमारे दोन ग्रॅमपर्यंत विरघळतं. म्हणजे मूर्ती तलावाच्या तळाला रंगातला धातूही देते आणि तो धातू पकडणाऱ्या सल्फाइडाचा कच्चा मालही. तळ शांत राहिला तर धातू अडकेल. सुशोभीकरणासाठी तलाव आटवून जेसीबी उतरवला तर सल्फाइडाला हवा लागेल. केंद्रीय मंडळाच्या २०२० च्या विसर्जन नियमावलीने प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली ती योग्यच, पण जे आधीच तळाशी आहे त्याचा विचार कोणत्याही नियमावलीने आपोआप होत नाही.

शेतात गेलेला गाळ

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. मूळ कल्पना लहान तलावांसाठीची आणि उत्तम आहे. मुरमाड माळावर गाळाचा थर पसरला की ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो, तलावाची साठवण परत मिळते. कोरडवाहू सोलापुरात याची किंमत कोणाला समजावून सांगायला नको. पुढे उजनीसारख्या मोठ्या धरणांतला गाळ आणि गाळमिश्रित वाळू काढायची चर्चा आणि धोरणंही झाली. अशा वेळी कोणी धातूंचं नाव काढलं की दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, गाळात क्रोमियम आणि तांबं सापडलं, म्हणजे विष शेतात चाललं. दुसरी म्हणते, आपल्या जमिनीत काही होत नाही. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि का चुकीच्या आहेत हे पाहिलं की मधला रस्ता दिसतो.

पहिल्या प्रतिक्रियेचं उत्तर आपल्या पायाखालच्या खडकात आहे. सोलापूरची काळी माती ज्या बेसाल्टपासून झाली तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा मुळातच तांबं, क्रोमियम, निकेल यांनी समृद्ध आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये किलोमागे शंभर मिलिग्रॅमहून जास्त तांबं असणं सामान्य आहे. जगभर तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या सरासरी शेल खडकात ते ४५ मिलिग्रॅम धरलं जातं, आणि कॅनडाच्या गोड्या पाण्यातल्या गाळासाठीच्या मार्गदर्शक मर्यादेत ३५.७. या फूटपट्ट्या जशाच्या तशा लावल्या तर सह्याद्रीतून आलेला, एकाही कारखान्याला न शिवलेला गाळसुद्धा प्रदूषित ठरेल. उलट शिसं, कॅडमियम आणि पारा बेसाल्टमध्ये फार कमी असतात. ते गाळात वाढलेले दिसले तर बोट माणसाकडे जातं. म्हणून इथल्या गाळाचा अहवाल वाचताना आधी शिसं, कॅडमियम, पारा पाहावा; तांबं-क्रोमियमचा आकडा पाहायचाच तर लोखंड किंवा अॅल्युमिनियमशी त्याचं गुणोत्तर काढून, आणि वरच्या थराची तुलना धरणाआधीच्या मातीशी करून. उजनीत हे सोपं आहे, कारण तिथला सर्वांत खालचा थर १९८० च्या आसपासचा हे आधीच माहीत आहे.

दुसरी प्रतिक्रिया, म्हणजे आपल्या जमिनीत काही होत नाही ही, निव्वळ आंधळी नाही. तिच्यामागे अनुभव आहे. सोलापूरच्या जमिनीत लोखंड टक्क्यांत मोजावं एवढं असतं, तरी उसावर केवडा पडतो, द्राक्षाची पानं पिवळी पडतात आणि शेतकरी हिराकस विकत आणतो. कारण चुनखडीच्या, आठच्या पुढच्या सामूच्या मातीत लोखंड आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाही. हाच नियम शिशाला आणि बऱ्याच अंशी कॅडमियमलाही लागू होतो. कुट्टनाडसारखी आम्लाची आपत्ती इथे होणं अवघड आहे, कारण होणारं आम्ल चुनखडी जागीच मारते, आणि स्मेक्टाइटची चिकणमाती धातूंना आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवते. हे मान्य करायलाच हवं. पण हा दिलासा सर्व धातूंना सारखा नाही. क्रोमियम आणि आर्सेनिक यांची काही रूपं ऋणभारित असतात आणि सामू वाढला की मातीच्या पकडीतून सुटतात. १९७९ मध्ये मृदाशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मातीतलं मँगनीज ऑक्साइड निरुपद्रवी त्रिसंयुजी क्रोमियमचं विषारी षट्‌संयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करू शकतं. मुलाम्याच्या कारखान्यांचा आणि क्रोमियमयुक्त रंगद्रव्यांचा इतिहास असलेल्या नद्यांचा गाळ मँगनीजने समृद्ध काळ्या मातीत जात असेल, तर हा प्रश्न कल्पनेतला राहत नाही. आणि पाऱ्याला सामूशी फारसं देणंघेणं नाही. त्याची गोष्ट शेतात नव्हे तर माशांत ठरते, म्हणजे उजनीच्या चिलापीत आणि वामीत.

दोन्ही प्रतिक्रियांत एक चूक समान आहे: दोघीही एकूण आकड्याशी बोलतात. केवड्याचा अनुभव असलेल्या शेतकऱ्याला एकूण आणि उपलब्ध यांतला फरक कोणत्याही प्रयोगशाळेआधी कळलेला असतो. मृदाशास्त्राने त्यासाठी १९७८ मध्ये डीटीपीए नावाच्या द्रावणाची चाचणी रूढ केली. आपल्याकडच्या माती परीक्षण प्रयोगशाळा जस्त, लोखंड, तांबं, मँगनीज याच चाचणीने मोजतात. गाळाच्या अभ्यासकांची पायरीपायरीने धातू सोडवायची पद्धत १९७९ पासून आहे. म्हणजे कोणतीही नवी विद्या शोधायची नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र आहे, अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आहे. माणसं आणि यंत्रं एका जिल्ह्यात आहेत. प्रश्न त्यांच्यासमोर ठेवला गेलेला नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की प्रत्येक ट्रॉलीला चाचणी लावली तर योजना मरेल. तसं करायची गरजही नाही. गाळाचा स्वभाव त्याच्या पाणलोटावरून बऱ्याच अंशी कळतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अमदानीत अदिला नदीवर बांधलेल्या हिप्परग्याच्या एकरूख तलावाच्या वर मुख्यत्वे शेती आहे. त्याचा गाळ म्हणजे त्याच माळांची वाहून आलेली माती. तो शेताला परत देणं हे घरचं घरी नेणं आहे, आणि एखादा नमुना तपासला तरी पुरे. गावोगावच्या पाझर तलावांचंही तेच. हा पहिला वर्ग. शहराच्या नाल्यांना तोंड असलेले तलाव दुसऱ्या वर्गात, आणि वर औद्योगिक शहर असलेली उजनी तिसऱ्या वर्गात. फुगवट्याच्या वरच्या टोकाला, मधे आणि भिंतीजवळ असे मोजके स्तंभ-नमुने घेतले, त्यांत शिसं-कॅडमियम-पारा-क्रोमियम तपासलं, सल्फाइड आणि उपलब्ध भाग मोजला, आणि काही महिने वाळवून काय सुटतं ते पाहिलं, तर उपसा कुठे बिनधोक आहे आणि कुठे नाही याचा नकाशा तयार होतो. ज्या जागी धोका दिसेल तो गाळ काढूच नये, किंवा काढलाच तर शेताऐवजी विटा-भरावासारख्या बंदिस्त वापरात न्यावा. बाकीचा खुशाल शिवारात जावा.

नळाच्या पाण्यात दिसत नाही म्हणून

शेवटचा आक्षेप शहरातून येतो. सोलापूरला पाणी उजनीच्या जलवाहिनीतून पाकणीला आणि भीमेतून टाकळीमार्गे सोरेगावला येतं, तिथे शुद्ध होतं. पाणी मानकात बसत असेल तर तळातल्या चिखलाची चर्चा कशाला? पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१. पाण्यात हे धातू सहसा फारच थोडे विरघळलेले असतात, कारण ते गाळाच्या कणांना चिकटतात. शिशाच्या बाबतीत किलोभर गाळात लिटरभर पाण्याच्या हजारो पट धातू असणं नेहमीचं आहे. त्यामुळे स्वच्छ पाण्याचा अहवाल खरा असूनही अपुरा असतो. तो त्या दिवशीची वाहती रक्कम सांगतो. शिल्लक गाळात असते. शिवाय जलाशय आटतो तसं तळालगतचं प्राणवायूविना पाणी उपशाच्या नळीजवळ येतं, आणि मँगनीज-लोखंड सर्वांत आधी तिथेच सुटतं. मँगनीजची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे आणि ते साध्या क्लोरिनने लगेच बसत नाही. म्हणजे धरण जितकं मायनसमध्ये, तितका गाळ आणि नळ यांतलं अंतर कमी. ज्या शहराला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी मिळत आलं, त्याने किमान उन्हाळ्यात तरी पाण्याइतकंच तळाकडे लक्ष ठेवावं.

मग या तपासणीचा खर्च कोणी करायचा? उजनीवरून पुणे आणि सोलापूर यांचं भांडण जुनं आहे आणि ते नेहमी टीएमसीत चालतं: वरच्या धरणांतून किती सोडलं, किती अडवलं, आवर्तन कधी. पाण्याच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब मागणाऱ्या या भांडणात पाण्याबरोबर खाली आलेल्या गाळाचा एक शब्दही नसतो. वास्तविक पाणी वापरून पुढे जातं, बाष्प होऊन उडतं. गाळ मात्र सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला कायमचा येतो आणि त्यातला धातू वरच्या नाल्यांचा असेल तर त्याची जबाबदारीही वरचीच. उल्हास खाडीत पाऱ्याची आवक घटली ती उद्योगाने पद्धत बदलल्यामुळे. चिखलाने विष पचवलं म्हणून नव्हे. भीमेच्या खोऱ्यातही मार्ग तोच आहे: वरच्या अंगाला धातू नाल्यात जाण्याआधी अडवणं, त्यासाठी कारखान्यांच्या आतच प्रक्रिया करणं, आणि उजनीच्या तळाचा नियमित लेखा ठेवून तो पाण्याच्या वाटपाच्या बैठकीत मांडणं. ज्या बैठकीत टीएमसी मोजले जातात, त्याच बैठकीत शिसं-कॅडमियमचे मिलिग्रॅमही मोजले गेले पाहिजेत, आणि त्या मोजणीचं बिल नदीच्या वरच्या टोकाला पाठवलं गेलं पाहिजे. पोकलेन त्यानंतर उतरावा.